शितभर

मे महिन्यात आमच्या दुकानात
फक्त कूलरचे पंप येतात,
क्षार खाऊन गच्च बसलेले, मुठीएवढे,
दिवसाला तीस-चाळीस.
त्यात एका सकाळी भिवाजी मारबते
सायकलरिक्षात झोपवून घेऊन आले
नावेचं इंजिन.
पोत्यात गुंडाळलेलं, पंखा तेवढा उघडा,
आजाऱ्याचा पाय चादरीबाहेर राहतो तसा.

गोळीबार चौकात नाव कोणी पाहिली होती?
पोट्टे जमले. एक म्हणाला, हेलिकॉप्टरचं आहे.
बाबांनी दोरी ओढली.
दोरी आली नाही, इंजिनच उचललं गेलं.
"जाम आहे."
"जामच आहे," भिवाजी म्हणाले.

पोरानं वडगावच्या धरणावर
नुसत्या पेट्रोलवर पळवलं होतं.
ऑइल मिसळायचं राहिलं.
"राहिलं का ठेवलं, कोणाले मालूम."
पोरगा आता बुटीबोरीला, कंपनीच्या बसनं जातो.

मी आयटीआय फिटर, पहिला वर्ग,
तरी बाबांनी हातोडी काढून घेतली.
"ठोकलं का तुटते. याले मुरू दे."
प्लग काढून भोकात बॅटरी मारली:
आत पिस्टनचं डोकं, करपल्या तव्यासारखं,
सिलिंडरला घट्ट धरून.
अर्धं डिझेल, अर्धं गिअरचं ऑइल,
आईच्या इन्सुलिनच्या सिरिंजनं
भरत गेलो गळ्यापर्यंत.
मग उभं केलं कोपऱ्यात
कूलरच्या गवताच्या गठ्ठ्यांआड.

रोज पहाटे, नळ यायच्या आधी,
बाबा चकतीला दोन्ही हात लावायचे.
थोडं इकडे, थोडं तिकडे,
तान्ह्याची मान धरावी तेवढ्याच जोरानं.
मग पेचकसाचं टोक इंजिनच्या पोटाला टेकवून
लाकडी मूठ दातांत धरायचे.
कान त्यांचे पॉवरलूमनं केव्हाच नेले;
तेव्हापासून मशीनचं दुखणं
ते दातांनी ऐकतात.
"काय म्हणते?"
"काही नाही म्हणत."
पुन्हा ऑइल. पुन्हा कोपरा.

भिवाजी दिवसाआड यायचे.
विचारायचे काही नाही.
बसून पंपांच्या जाळ्या घासून द्यायचे.
एकदाच बोलले:
"चप्पूनं जातो आता. मासे तेवढेच भेटते.
पण धरण मोठं झालं, बाप्पा."

अकराव्या दिवशी
मूठ दातांत असतानाच बाबांनी मला खुणावलं.
मी चकती धरली
आणि ती सरकली.
शितभर.
भाताचं एक शीत, त्याहून जास्त नाही.
आई कणकेच्या हातांनी बाहेर आली.
परत फिरवली. पुन्हा एक शीत. मग दोन.
मग आतून काळं तेल फसकन उडालं
बाबांच्या सदऱ्यावर, भिंतीवर,
कॅलेंडरच्या अख्ख्या दुसऱ्या आठवड्यावर.

पुढचं सोपं नव्हतं.
रिंगा चिकटलेल्या, कार्ब्युरेटरमध्ये मुंग्यांची अंडी,
आणि सिलिंडरला एक उभा ओरखडा.
"हा राहीन," बाबा म्हणाले. "चालन, पण धूर देईन."
भिवाजींनी आत बोट घालून ओरखडा चाचपला.
मग बोट धोतराला पुसलं.

चाचणीसाठी ड्रम भरायचा होता.
तीन घरांनी नळाची पाळी सोडली.
दोन ओढी फुकट गेल्या.
तिसरीला निळा धूर, आणि असा आवाज
की नंदनवारांची शेळी दावं तोडून पळाली.
पाणी ड्रमाबाहेर उसळून
गल्लीतून थेट देवळाच्या पायरीपर्यंत गेलं.
बाबा तळवा ड्रमाला लावून उभे.

इंजिनच्या कुशीतून गरम पाण्याची धार सुटली,
म्हणजे आत पाणी फिरतंय, सगळं ठीक.
ती नेमकी एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरवर.
तो ओरडत होता: माझा पंप कधी देता?

भिवाजींनी फोन लावून
इंजिनासमोर धरला होता.
मला स्क्रीन दिसत होती. नुसती रिंग जात होती.
कंपनीत फोन गेटवर ठेवून घेतात,
हे त्यांनीच मला सांगितलं होतं.
तरी ते धरून होते,
पेट्रोल संपेपर्यंत.