वाटाड्या विकत घेताना

अरबाबने चहाच्या पावतीमागे आकडा लिहिला:
चौदाशे रियाल.
खाली दोन रेघा मारल्या,
एक माझ्यासाठी, एक बहुधा स्वतःसाठी.

जुना राउटर गुरुवारी रात्री गेला,
सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या खोलीत,
जिथे एसी चालू असला तर चाळीस
आणि बंद पडला की कुणी मोजत नाही.
कॅम्पातल्या सहाशे चाळीस खोल्या.
दिवे होते सगळीकडे. चेहरे तेवढे गेले.

कॅटलॉगातले एकेक राजबिंडे:
दोन पॉवर सप्लाय, पाच वर्षांची हमी,
आणि प्रत्येक पोर्टला निराळं लायसन्स,
म्हणजे घर विकत घ्या, दारं भाड्याने.
किंमत विचारली तर विक्रेता म्हणाला,
"मॅडम, तुमचं बजेट काय?"

म्हणून शनिवारी खतमत मलाहाची सीमा ओलांडून
डंबर थापा आणि मी शारजाला,
भंगार आणि नशीब एकाच तराजूत तोलणाऱ्या गल्लीत.
डंबर पंख्यांना कान लावत हिंडला,
जशी आमच्याकडे कलिंगडं वाजवून घेतात.
एक मोठं धूड होतं, कपाटाएवढं, स्वस्तही होतं.
पण त्याची वीज कोण भरणार?
आणि त्याची घरघर ऐकत झोपणार कोण?

मला लहानपणापासून नाही, कॉलेजपासून
हवा होता असा राउटर
ज्याला जगाच्या सगळ्या वाटा पाठ आहेत.
दहा लाखांच्या वर आहेत त्या,
दर मिनिटाला थोड्या मरतात, थोड्या जन्मतात.
तेवढी स्मरणशक्ती चौदाशेत मिळत नाही.

तिथेच, लोखंडी स्टुलावर बसून, हिशेब केला.
बाहेर पडायला आपल्याला दारं किती? दोन.
एक बंद पडलं की दुसरं.
मग गोपालगंजच्या वेल्डरला
जुम्म्याच्या दुपारी लेकीचा पहिला दात बघायला
अख्ख्या पृथ्वीचा नकाशा कशाला?
अब्बा दाभोळच्या खाडीत बोटी आत घ्यायचे, बाहेर काढायचे.
त्यांना वाळूचा प्रत्येक दांडा माहीत होता
आणि दांड्यांच्या पलीकडचं काही विचारलं
तर हनुवटीने दाखवायचे: तिकडे समुद्र.
एवढ्यावर चाळीस वर्षं एकही बोट रुतली नाही.

(एक रुतली होती. तिचं आम्ही बोलत नाही.)

घेतला तो लहान, करडा, एका कोपऱ्यात चेपलेला.
बाराशे साठ. सोबत एक जादा पॉवर सप्लाय,
घासाघीस करून नव्हे, दुकानदाराला जेवायला जायचं होतं म्हणून.
चालू केला तर आत अजून कुणाचं तरी घर:
एका बंद पडलेल्या इस्पितळाचं नाव,
पोर्टांची यादी, आणि तिसऱ्या पोर्टवर टीप,
"हात लावू नका. नर्सिंग हॉस्टेल. परीक्षा सुरू आहेत."
कोणत्या साली, कोणाच्या परीक्षा,
लिहिणारा आता कुठे नोकरीला,
राउटरला ठाऊक नव्हतं.
डंबर म्हणाला, "दिदी, पुसायचं ना?"
पुसलं.
पुसायला नऊ सेकंद लागली,
मला जरा जास्त.

परतताना कस्टमवाल्याने विचारलं, हे काय?
मी म्हटलं, वाटाड्या.
त्याला मराठी येत नव्हतं, मला तेव्हा अरबी सुचेना.
त्याने चेपलेला कोपरा पाहिला आणि सोडून दिलं.

रविवारी पहाटे चार वाजता बसवला.
सव्वाचारला बी ब्लॉकमधून कुणीतरी हसलं,
मोठ्याने, एकटंच, इअरफोन घातलेल्या माणसासारखं.

अरबाबने उरलेले एकशे चाळीस परत घेतले,
दोनदा मोजले, आणि विचारलं, टिकेल?
उन्हाळ्यापर्यंत, मी म्हटलं.
बाहेर मे महिना चालू होता.

तिसऱ्या पोर्टवर मी नवी टीप लिहिली आहे,
माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी:
"दुसरा पंखा खोटं बोलतो. विश्वास ठेवू नये.
शुक्रवारी दुपारी कशालाही हात लावू नये."