वजन

मतपेटीला मागच्या सीटवर पट्टा बांधला,
लेकराला बांधतात तसा,
आणि निघालो. अकरा फाटकं.
उतर, उघड, गाडी काढ, परत उतर, लाव.
उघडं राहिलं तर मेंढ्या शेजाऱ्याच्या रानात,
आणि इथे शेजारी म्हणजे वीस मैल.

थायरा मॉरिसनच्या स्वयंपाकघरात पीट जळत होतं.
हाताला कणीक. तिने आधी चहा टाकला,
मग चश्मा शोधला, मग कागद
उलटसुलट करून विचारलं:
एवढंच? दोनच चौकटी?

अधिकारी बाईंनी पाठ फिरवली. मीही.
म्हणून खिडकी बघावी लागली.

खिडकीत तारेचं कुंपण, त्यावर लाल पाटी, कवटी.
ब्याऐंशीच्या हिवाळ्यात पेरलेले सुरुंग;
कुठे किती, पेरणाऱ्यांनाही आता सांगता येत नाही.
आत पेंग्विन फिरत होते,
कचेरी उघडायच्या आधीच पोचलेल्या माणसांसारखे.
'वजन नाही त्यांना,' थायरा मागून म्हणाली,
'म्हणून फुटत नाही.
माझ्या घोडीला होतं.'

दाराशी त्या घोडीचा साज अजून टांगलेला:
बोसाल, सिंचा, काब्रेस्तो.
सगळे शब्द पलीकडच्या किनाऱ्याचे,
गुराख्यांबरोबर आले नि राहून गेले.
बेट मागतात ते.
शब्द अजून कुणी परत मागितले नाहीत.

घडी पेटीत पडली. आवाज झाला नाही.
'आणि तू काय लिहिलंस?' तिने मला विचारलं.
मी सेंट हेलेनाचा.
माझी सात वर्षं भरायचीत अजून.
म्हटलं, मी फाटकं उघडतो.
ती हसली नाही.
पावाचा अर्धा तुकडा कागदात बांधून दिला.

रात्री गावात मोजणी. हॉर्न, झेंडे,
कुणीतरी निळी रंगवून आणलेली मेंढी,
बिचारी गोंधळलेली.
दीड हजार 'होय'.
तीन 'नाही'.
तीन! गुत्त्यात लोक बोटांवर नावं घ्यायला लागले,
अमक्याची बायको, तो तारवाला, तो शाळेतला.
मग माझ्याकडे वळले: तू तर घरोघर गेला होतास.

म्हटलं, माझी पाठ होती.

दुसऱ्या दिवशी रिकामी पेटी कचेरीत द्यायला निघालो.
पट्टा बांधला नाही.
धक्क्याजवळच्या वळणावर ती सीटवरून घसरून खाली आदळली,
आणि मी गाडी थांबवून
मागे वळून बघितलं,
कुणाला लागलं तर नाही ना.