अर्धी स्ट्रिप

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला
फेरी सात मिनिटांत जाते. भरती असली तर आठ.
तेवढ्यात संपली पाहिजे गोष्ट, वेरेकर बाई म्हणाल्या.
त्यांचा वर्ग शनिवारी, पणजीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत.
आम्ही सहाजण,
आणि खालून मशीन
आमच्या प्रत्येक वाक्याला टाके घालत असलेली.

मी औषधांच्या दुकानात असते,
म्हणून बिलांच्या पाठीवर लिहिते.
पहिल्या गोष्टीत मांडवीचं सगळं पाणी ओतलं होतं,
वर चंद्र, खाली खाजनातले खेकडे,
शिवाय आत्याचं लग्न.
बाईंनी वाचलं, चष्मा काढला.
"यामिनी, तुझी फेरी अजून रायबंदरलाच,
आणि तू माणसं चढवतेच आहेस."

मग 'अतिशय' खोडलं. 'जणू' खोडलं.
'तिला वाटलं' खोडून पाहिलं,
तरी तिला वाटतच राहिलं.
आत्याचं लग्न मोडलं.
चंद्राला विचारलं, तुझं इथे काय काम?
तो बिचारा गेला.
काळोखात खेकड्यांची खडखड नीट ऐकू आली.

बाईंची बहीण चोडणला, त्यामुळे कधी सोबत असत.
कठड्याला टेकून शेवट शिकवत.
"बघ, रॅम्प पडायच्या आधीच सगळे
गाड्या चालू करतात. वाचणाराही तसाच.
तुझ्या शेवटासाठी तो ताटकळत नाही.
रॅम्प पडला की वाटेतून बाजूला हो."
मी मान डोलावली. मला तेव्हा
फक्त डिझेलचा वास कळला होता.

नोव्हेंबरात एक नेली, पन्नास शब्दांची, खरी घडलेली.
तेरेझिन्हा बाय दर महिन्याला
नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायची.
त्या दिवशी काळ्या झग्यात आली,
काउंटरवर कापलेली स्ट्रिप ठेवली, सहा गोळ्या उरलेल्या.
"ह्यो परत घेतात गो?"
तिथेच थांबवली होती मी.

वर्ग गप्प झाला. खालची मशीनही.
दोरा तुटला असेल बहुधा.
लिगोरियो सरांनी रुमाल काढला,
आणि मला, खोटं कशाला बोलू, आतून गोड वाटलं.

बाई म्हणाल्या, "छान. मग तू काय म्हणालीस?"
ते गोष्टीत नाही, मी म्हटलं.
"नाहीये, म्हणूनच विचारते."

कापलेली स्ट्रिप परत घेत नाहीत.
नियम आहे. भिंतीवर पाटी आहे,
माझ्याच अक्षरात, लाल मार्करने.
मी नुसतं बोट दाखवलं.
तिच्याकडे चष्मा नव्हता. ती पाटीजवळ गेली,
एकेक अक्षर लावत उभी राहिली,
आणि मागे रांग होती,
आणि मी पुढच्याला विचारलं, तुमचं काय?

त्या रात्री फेरीत उभ्यानेच पुन्हा लिहिलं.
रक्तदाब काढला. नवरा काढला, काळा झगा काढला.
'सहा' ठेवलं.
पाटी घातली. माझं बोट घातलं.
मोजले तर बावन्न.
दोन जास्त, आणि कुठले ते कळेना;
'तुमचं काय' हे दोनच काढले असते,
पण त्यांना हात लावला की
उरलेले पन्नास सैल होत होते.

पुढे रॅम्पची साखळी खडखडली.
सगळ्यांनी गाड्या चालू केल्या.
मी बिलाची घडी करून पर्समध्ये टाकली.

एक बाईंना अजून सांगितलेलं नाही.
जाताना ती स्ट्रिप काउंटरवरच ठेवून गेली.
माझ्या खणात आहे ती,
रबरबँड आणि स्टेपलरच्या पिनांमध्ये.
मुदत मार्चपर्यंत.