एक तास थांबायचं

थंडर बेच्या या वृद्धाश्रमात
भिंतीला खिळा मारायची बंदी आहे.
नियम माझ्या आधीचा. मी फक्त
एका खिशात स्पिरिटची बाटली, दुसऱ्यात चिकटपट्ट्या घेऊन
एक ते चौतीस खोल्या फिरतो
आणि ज्याचं त्याचं माणूस भिंतीवर लावून देतो.

कृती सोपी आहे.
भिंत पुसायची, सुकू द्यायची.
पट्टीवर पट्टी बसवायची, खट्‌ आवाज आला पाहिजे,
कवळी बसल्यासारखा.
अंगठ्याने दाबून तीस आकडे मोजायचे.
मग चौकट पुन्हा काढून घ्यायची
आणि एक तास थांबायचं.
हे थांबणं कुणालाच जमत नाही.
नव्वद वर्षं थांबलेली माणसंही म्हणतात,
लायल, लाव ना आता.

औने किवेला, खोली एकोणीस.
नातवंडं नाहीत, लग्नाचा फोटो नाही.
एकच चौकट: गोठलेलं तळं, काठावर लाकडी सौना,
धुराड्यातून धूर, आणि दारात एक उघडा माणूस,
पाठमोरा.
कोण हा, विचारलं तर म्हणाली,
"पाठीवरून ओळखू येत नाही, म्हणून तर ठेवलाय."

तिला तो उत्तरेच्याच भिंतीवर हवा होता. तळं त्या बाजूला.
उत्तरेची भिंत बाहेरची. जानेवारीत पलीकडे उणे तीस,
अलीकडून हात लावला तर
मेलेल्या माशाच्या पोटासारखी.
पाकिटावर छापलंय: दहा अंशांखाली चिकटणार नाही.
मी वाचून दाखवलं.
"मीही चिकटणार नव्हते," ती म्हणाली,
"काढलीच की सत्तेचाळीस वर्षं या गावात."

पहिल्यांदा पडला तो मंगळवारी, पहाटे तीनला.
दुसऱ्यांदा काच गेली.
मी तिच्या केस वाळवायच्या यंत्रानं भिंत शेकली,
आजारी माणसाची पाठ शेकावी तशी.
चार जोड्यांच्या जागी सहा लावल्या.
तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती जागीच होती.
"बाहेर निघाला होता," म्हणाली. "त्याची सवयच ती."

नवरा? भाऊ? मी विचारलं नाही.
काचा गोळा करत होतो, तेव्हा तीच बोलली:
"आमच्याकडे खिळाच मारायचे.
भोक पडलं तर पडलं.
घराला कळायला नको, कुणी राहून गेलं ते?"

शुक्रवारी मी उशिरापर्यंत थांबलो.
जेवणघरात बिंगो चालला होता,
पुकारणाऱ्या बाईचा आवाज दणदणीत.
बी नऊ. ठक्‌.
जी एक्कावन्न. ठक्‌.
ओ सत्तर. ठक्‌.
कुणीतरी जिंकलं, टाळ्यांमध्ये शेवटचा ठोका.
औने पलंगावर बसून हसत होती, तोंडावर उशी धरून.
वरून दोन पट्ट्याही लावल्या,
तपासणीला कुणी आलं तर दिसाव्यात म्हणून.

एप्रिलमध्ये रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला
आणि औने गेली.
फोटो न्यायला कुणी आलं नाही. तो सध्या माझ्याकडे आहे.

खोली रिकामी करायचं कामही माझंच.
पट्टीची जीभ धरायची आणि ओढायची.
आपल्याकडे नाही, खाली,
भिंतीला लगटून, हळू.
ती लांबते, लांबते, हातभर होते
आणि मग सुटते.
डाग नाही, रंगाचा टवका नाही.
अशा किती खोल्या मी कोऱ्या केल्या.
पट्टीवाले खोटं बोलत नाहीत.

राहिला खिळा.
पक्कड आणायला तळघरात गेलो,
ती समोर टांगलेली असून सापडली नाही.
म्हटलं, सोमवारी बघू.

सोमवारी गेलो तर नवा माणूस आलेला.
डेलबर्ट मिचानो, रेल्वेत चाळीस वर्षं,
सामान म्हणजे एक पेटी आणि डोक्यावर कानटोपी.
तो खिडकीकडे पाहत होता.
पाहता पाहता टोपी काढली
आणि खिळ्याला अडकवली,
घरी परतलेला माणूस न बघता अडकवतो तशी.

पक्कड माझ्या खिशात होती.
"भिंतीवर काही लावायचंय का?" मी विचारलं.
"लावलं की," तो म्हणाला.