देव कोठे उभा व्हता

शहाद्याहून धडगावच्या रस्त्याला लागलं की
पेट्रोलपंपाच्या मागे आमचं पत्र्याचं चर्च.
मार्चातच सकाळी दहाला पत्रे कडकड वाजू लागतात.
पाळकसाहेब म्हणतात, सृष्टी कण्हते आहे.

रविवारची शाळा माझ्याकडे. बाकी सहा दिवस
मी जळालेल्या मोटारी भरतो.
तर त्या दिवशी फळ्यावर लिहिलं: आरंभी काहीच नव्हतं.
खाली रेघ मारली, आणि सांगू लागलो
की माती नव्हती, पाणी नव्हतं,
तापी नव्हती, सातपुडा तर नव्हताच,
तेव्हा मागून रोदा पाडवी उठली,
चौथीतली, एका वेणीला रिबीन, दुसरीला रबर:
"सर, जमीन नव्हती ते देव कोठे उभा व्हता?"

पोरं हसली. मी हसलो नाही.
उत्तर माझ्या वहीत होतं, सतरावं:
देव आत्मा आहे, त्याला देह नाही, तो सर्वत्र आहे.
वाचून दाखवलं. ती बसली.
पण बसण्याच्या दोन तऱ्हा असतात,
पटलं म्हणून बसणं
आणि पाय दुखले म्हणून बसणं.

सोमवारी म्हसावदचा एक जण
पाणबुडी मोटार खांद्यावर घेऊन आला.
तांबं सुरतेचं, वार्निश इंदूरचं,
कागद कुठला कोण जाणे.
माझं त्यात काय? वेटोळी.
तीही उस्तादाने शिकवलेली.
काहीच नसण्यातून मी कधी काही केलं नाही.
काहीच नसणं मला दिसतसुद्धा नाही,
डोळे मिटले तरी वार्निशचा वास येतो.

रात्री साडेअकराला लाइट गेली.
पंख्याची पाती जुन्या ओढीवर थोडा वेळ फिरत राहिली.
मनात आलं, आपलं तसं नाही.
त्याने हात काढला तर पाती मंदावणार नाहीत,
पाती नसतीलच.
गल्ली नसेल.
इथे गल्ली होती, असं म्हणायला कोणी नसेल.
मी मोटार भरतो, गिऱ्हाईक घेऊन जातं, मी विसरतो.
त्याला विसरायची सोय नाही.

मग तोच वीज, तोच पंखा, तोच डोंगर?
नाही. तेही वहीत आहे, आणि तेवढं मला आतून पटतं:
सातपुडा देव नाही.
सातपुडा नव्हता तेव्हाही देव उणा नव्हता.
गरज नव्हती, तरी केलं.
गरज नसताना केलेलं मी एकच पाहिलंय.
माझी आई मका सोलताना मुद्दाम
चार दाणे अंगणात टाकायची, चिमण्यांकडे,
आणि वर म्हणायची, हातून सांडले.

पुढच्या रविवारी म्हटलं,
"रोदा, तो जमिनीवर उभा नव्हता.
जमीन त्याच्यावर उभी आहे. आत्ताही."
तिने खाली पाहिलं, स्वतःच्या पायांकडे.
शेतातून आलेली, घोट्यापर्यंत काळी माती वाळलेली.
"मंग तो कधी जमीनवर उभा ऱ्हायनाच नही का?"

हे वहीत नव्हतं.
खडू खाली ठेवला.
राहिला, म्हटलं. एकदा.
एका बाईने दोन्ही हात धरून त्याला चालायला शिकवलं.
पडला असेल. गुडघा फुटला असेल.
टाचांना भेगा, आपल्यासारख्या.
संध्याकाळी पाय धुवावे लागायचे,
इतकी धूळ.
ज्याला उभं राहायला काहीच लागत नव्हतं
त्याला चप्पल लागली.

कोणी हसलं नाही. पत्रे वाजत होते.
रोदाने पाय फ्रॉकखाली ओढून घेतले,
मग पुन्हा हळूच पुढे केले.

आता पुढच्या रविवारी ती चपलेचा नंबर विचारेल.
माझ्या वहीत तो नाही.