स्वल्पविराम

मोडीत शब्दांच्या मध्ये फट नसते.
आधी कागदभर आडव्या रेघा मारायच्या,
मग त्यांना लोंबकळत लिहीत सुटायचं, टाक न उचलता.
म्हणून शके सतराशे चौऱ्याऐंशीच्या या वाटणीपत्रात
तांब्याचेहंडेदोनलाछीबटीकवयअकराम्हैसदुभतीएक
असं एका दमात येतं.
बाळबोध करताना स्वल्पविराम मी द्यायचे.
पानाला ऐंशी रुपये, स्वल्पविराम त्यातच.

रावपुऱ्यात माझ्या खोलीखाली झेरॉक्सचं दुकान.
यंत्राचा हिरवा उजेड जिन्यावर सरकत असतो.
त्यातून वर आले कारखानीस, दोघे चुलतभाऊ,
बिस्किटांच्या डब्यात दप्तर घेऊन.

कापसाचं साल होतं ते.
अमेरिकेत गुलामांवरून भाऊ भावावर बंदूक रोखून उभा,
तिकडची रुई तिकडच्या बंदरात कुजत पडलेली,
आणि इकडे डभोईच्या रुळांवर बैल डबे ओढत होते,
खंडीचा भाव ऐकून माणसं पुन्हा एकदा विचारत होती.
त्या पैशावर कारखानिसांची माडी चढली.

विसाजी म्हणाला, पोरीला सोडून द्या.
दयेनं नव्हे. कॅम्पात इंग्रजी कायदा,
नाव निघालं तर अडत बुडेल.
हैबतराव म्हणाला, वडिलांनी रोख चाळीस मोजलेत.
मग तोडगे. दर तोडग्याला नवा कागद, चार साक्षी:
बटीक जुन्या घरी राहील, नव्या माडीवर नाही.
मूल झालं तर पहिलं थोरल्याचं, दुसरं धाकट्याचं.
विश्वामित्रीचा पूल ओलांडून पळालीच
तर दोघांनी मिळून आणावी, खर्च निम्मा.
शेवटच्या कागदाचं अक्षर इतकं देखणं
की वाटावं, मिटलं.

पाच महिने काहीच नाही.
मग फौजदारी कचेरीचा तुकडा:
आडापाशी मारामारी, हैबतरावाचा थोरला गेला,
वखारीत सत्तर गासड्या जळाल्या.
सबब: भाऊबंदकी, हद्दीचा वाद.

हद्दीचा.
तिकडेही म्हणे लोक अजून हेच सांगतात,
लढाई हद्दीची होती, हक्काची होती, जकातीची होती.
दीडशे वर्षं सांगतायत.
आणि एक नाव हंड्या-म्हशीच्या मध्ये
अंग चोरून बसलंय.

लाछीला कुणी काही विचारल्याचा कागद नाही.
डबा तळापर्यंत उपसला.
एका हुंडीच्या पाठीवर मिळालं एवढंच:
'लाछीचे लुगडे धुराने खराब, बदल देणे.'
दिल्याची नोंद नाही.

थोरल्या पातीचा म्हणाला, कुलवृत्तान्त छापतोय,
तेवढी ओळ गाळा.
धाकट्या पातीचा म्हणाला, ठेवा हो, पण मोलकरीण लिहा.
गाळा, ठेवा, तुमच्या आजोबांनी, तुमच्या पणजोबांनी...
जिन्यातच जुंपली.
झेरॉक्सवाला पोरगा कागद हातात धरून वर बघत राहिला.
कुणीतरी कुणाची तरी बाही धरली होती.

मी दार लोटलं.
लिहिलं, तांब्याचे हंडे दोन.
पूर्णविराम दिला.
मग मोडी लिहिणाऱ्यानं कधी उचलला नसता
तसा हात उचलला,
एक ओळ कोरी सोडली,
आणि लिहिलं,
लाछी