वजनकाटा

सात कमी आहेत.
टीव्हीवरचा माणूस नकाशावर बोट ठेवतो,
एकेक राज्य त्याच्या रंगात बुडतं,
आणि तरी सात कमी.
"जवळजवळ ठरलंच," तो म्हणतो.

गुड्रुन हाउगलांडला 'जवळजवळ' कळत नाही.
एकेचाळीस वर्षं तिनं धान्यकोठाराच्या काट्यावर ट्रक तोलले.
आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकी, सही, पावती.
जवळजवळ गहू कधी कुणी विकत घेतला नाही.

उत्तर डकोटात, टोर्सन गावी,
एप्रिल सरला तरी बांधाकडेला बर्फ आहे,
कुत्र्यानं चघळून टाकलेल्या हाडासारखा मळका.
तिला प्रतिनिधी निवडलं ते चर्चच्या तळघरात,
कॉफीचा दुसरा हंडा संपल्यावर,
कारण भर जुलैत अधिवेशनाला जायला
दुसरं कुणी तयार नव्हतं.
इथले प्रतिनिधी कुणालाच बांधलेले नसतात.
या मोकळेपणाची आजवर कुणाला गरजच पडली नव्हती.

आता फोन.
सकाळी पक्षाचा सचिव, घसा खाकरत.
दुपारी गोड आवाजाची एक मुलगी,
तिनं नावाचे तीन तुकडे केले.
संध्याकाळी तो स्वतः.
चार मिनिटं बोलला, तिनं घड्याळ पाहिलं होतं,
साडेतीन मिनिटं स्वतःबद्दल,
आणि मग एकदम, तुमचा बीटाच्या साखरेचा कारखाना,
नाव अचूक घेतलं त्यानं,
मी उघडणार.

कुणीतरी चिठ्ठी लिहून दिली असणार.
तरीही पोटात काहीतरी हललं.
आयनार त्या फाटकातून शेवटचा बाहेर पडला
तेव्हा चौपन्न वर्षांचा होता.
मग तो तळ्यावर मासे धरू लागला
आणि पुन्हा पाण्यात सोडू लागला.
डबा घेऊन जायचा, अगदी शिफ्टच्या वेळेला.

आयनारचा मुलगा ट्रिग्वे सभेहून आला
तो बसलेल्या घशानं, नव्या टोपीत.
"आत्या, तिथं मला कुणी विचारलंच नाही
तू सध्या काय करतोस म्हणून."
असा हसरा तो दहा वर्षांत दिसला नव्हता.

गुड्रुनला तो माणूस आवडत नाही.
शिव्या आवडत नाहीत,
पुढच्या बाकावरच्या पांगळ्या पत्रकाराची नक्कल करून
तो थांबला, हशा यायची वाट बघत,
ते तर मुळीच नाही.
पण दुसरे दोघे?
एकानं मंगळवारी बायकोचा हात धरून माघार घेतली.
दुसरा म्हणतो, अधिवेशनात बघून घेऊ.
टोर्सन कुठंय, दोघांनाही ठाऊक नाही.

ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. दहा मिनिटं, फार तर बारा.
परत आली तर पडद्यावर फुगे फुटत होते.
ठरलं.
आकडा आता पुरा, वर एकही नाही.
खाली सरकणाऱ्या पट्टीत सात नावं,
पाचवं तिचं, स्पेलिंग चुकलेलं.

"फोन आला होता," ट्रिग्वे म्हणाला.
"मी सांगितलं, हो."
"मी कुठं काही बोलले होते?"
"बोलणारच होतीस ना?"
खोटेपणा नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, तोच तर घोळ.
त्यानं तिला गृहीत धरलं होतं.
धरलं.
मनगटाला धरावं तसं.

वार्ताहराचा नंबर वहीत होता.
एक वाक्य, आणि पुन्हा एक कमी.
उद्या सकाळी दुसरा कुणी हो म्हणेल,
पण रात्रभर तरी
साऱ्या देशाला 'जवळजवळ' म्हणावं लागेल.

तिनं रिसीव्हर उचलला. ठेवला.
गाडी काढून कोठारावर गेली,
जुन्या किल्लीनं दार उघडलं, दिवा लावला,
आणि एकटीच उभी राहिली
ट्रकांच्या काट्यावर.

तो काटा वीस-वीस पौंडांनीच बोलतो,
मधलं त्याला दिसत नाही.
एकशे चाळीस, म्हणाला.
तिनं श्वास घेतला. एकशे साठ.
पुन्हा एकशे चाळीस.
कोटाच्या खिशात वही होती, नंबर होता.
बाहेर कुणीतरी विजयाचा हॉर्न वाजवत गेलं,
बहुतेक ट्रिग्वेच.